द्राक्षवेलीचे शेजारी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इटलीतल्या कॅम्पानिया प्रांतात द्राक्षे उतरवायला मजूर ठरवताना मोबदल्याबरोबर एक विलक्षण अट घातली जात असे. मजूर वरून पडून मेला, तर त्याच्या चितेचा आणि थडग्याचा खर्च मालकाने करायचा. थोरल्या प्लिनीने ही नोंद करून ठेवली आहे. द्राक्षे तोडताना जिवावर बेतण्याइतक्या उंचावर चढावे लागे, याचे कारण तिथल्या वेली पॉप्लरच्या झाडांवर सोडलेल्या असत. इतरत्र याच कामाला एल्मची झाडे लावत. झाडांच्या ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात धान्य पेरत, एल्मचा पाला गुरांना घालत. कोलुमेलाने आपल्या शेतीविषयक ग्रंथात दमलेल्या द्राक्षमळ्यांसाठी ल्युपिन हे शेंगावर्गीय पीक पेरून ते मातीत गाडण्याचा सल्ला दिला आहे. आपल्याकडे ताग किंवा धैंचा गाडतात, त्याचाच हा रोमन अवतार. द्राक्षाची वेल मुळात नदीकाठच्या रानात झाडांच्या आधाराने वाढणारी. रोमन शेतकऱ्याने तिला शेतात आणले तेव्हा तिचे बरेचसे शेजारीही बरोबर आले. कॅम्पानियातल्या आव्हेर्सा भागात उंच पॉप्लरवर चढवलेल्या वेली आजही पाहायला मिळतात.

या मिश्र मळ्यामागे किडींचा विचार मात्र नव्हता. आधार हवा होता, चारा हवा होता, खत हवे होते. किडीसाठी त्या काळी निराळे उपाय होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटोने वेलीवरच्या अळ्यांसाठी एक कृती लिहून ठेवली. ऑलिव्हचे तेल काढल्यावर उरणारे काळे पाणी आटवायचे, त्यात डांबर आणि गंधक मिसळायचे आणि ते वेलीच्या खोडाला व फांद्यांच्या बेचक्यांना फासायचे. वनस्पतींचे आपसांतले नाते मात्र प्राचीनांच्या मनात घोळत होते. वेलीला कोबीचा आणि लॉरेलचा वास सहन होत नाही, ती त्यांच्यापासून तोंड फिरवते, असे ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टसने केटोच्याही आधी लिहून ठेवले होते. त्यातला तपशील आज टिकणारा नाही. तरीही वेलीचे बरेवाईट तिच्या शेजारावर अवलंबून असते, हा विचार तिथे लेखी आढळतो, म्हणून आपण त्याची आठवण ठेवायला हवी.

इथून आपण एकदम एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये येऊ. मकोने प्रदेशात पिराल नावाच्या पतंगाच्या अळीने मळेच्या मळे फस्त केले, तेव्हा सरकारने १८३७ मध्ये व्हिक्टर ओदुआं या कीटकशास्त्रज्ञाला तिथे पाठवले. त्याचा सचित्र ग्रंथ १८४२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पिरालच्या अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांची नोंद त्यात काळजीपूर्वक केलेली आहे. शेतकऱ्यांना पावला तो मात्र बेन्वा राकले. घराच्या मोरीतून जिच्या बुंध्याशी गरम पाणी जाई ती वेल किडीतून वाचली, हे त्याने हेरले, अशी कथा सांगतात. हिवाळ्यात वेलींवर उकळते पाणी ओतायची त्याची रीत गावोगाव पसरली आणि रोमानेश-तोरँ गावात त्याच्या नावाचा उत्सव अजून भरतो. ओदुआंची गांधीलमाशी ग्रंथातच राहिली. माझ्या मते द्राक्षशेतीच्या इतिहासातली ही पहिली हुकलेली संधी. मळ्यात किडीचा शत्रू आधीपासून राहतो आहे हे कळले होते, पण तो एरवी कुठे राहतो, काय खातो, हे विचारायला कोणी थांबले नाही.

थांबायला उसंतही मिळाली नाही. अमेरिकेतून आलेल्या भुरीने १८४५ पासून युरोप ग्रासला. मागोमाग मुळांतला रस शोषणारी फायलोक्सेरा आली. १८६८ मध्ये प्लांशाँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दक्षिण फ्रान्समधल्या मरू घातलेल्या वेलींच्या मुळांवर तिला ओळखले. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याचा कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली याने १८७३ मध्ये तिला खाणारी एक कोळीवर्गीय जात फ्रान्सला पाठवली. किडीचा शत्रू मुद्दाम समुद्रापलीकडे पाठवण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. ती जात फ्रान्समध्ये रुजली, पण फायलोक्सेरापुढे तिचे काही चालले नाही. अखेर तोडगा निघाला तो वेलीच्याच नात्यागोत्यातून. अमेरिकन रानवेलींची मुळे या किडीला तोंड देतात हे कळल्यावर युरोपी वेलींची कलमे त्यांच्यावर बांधली जाऊ लागली. टेक्सासच्या थॉमस व्होल्नी मन्सनने नदीखोऱ्यांतून आणि चुनखडीच्या टेकड्यांतून रानवेली गोळा केल्या, फ्रान्सला मदत केली आणि १८८८ मध्ये फ्रेंच सरकारचा मोठा सन्मान मिळवला. त्याने निवडलेल्या एका रानवेलीला टेक्सासच्या बेल परगण्यातल्या डॉग रिज या टेकडीचे नाव आहे. हे नाव आपल्या वाचकांना नवे नसेल, आणि त्याच्याकडे आपण पुढे येऊच.

या संकटातून युरोपचे मळे वाचले खरे, पण त्यांचे रूप पालटले. उपटलेल्या वेलींच्या जागी नव्या लागवडी झाल्या त्या तारेवर, सरळ ओळींत, मधून घोड्याचा नांगर जाईल अशा बेताने. मधली झाडे आणि पट्ट्यांतले धान्य बऱ्याच ठिकाणी गेले. १८८५ मध्ये बोर्डोच्या मिलार्देने मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण केवड्यावर, म्हणजे डाऊनीवर, चालते हे जाहीर केले. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर शिंपडलेल्या निळसर थरामुळे त्याच्या हे लक्षात आले होते. तेव्हापासून मळ्यात फवारणी आली ती कायमची. गंधक, मोरचूद, मग शिसे-आर्सेनिक, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी. ओळींच्या टोकाला गुलाब लावायची पद्धत तेवढी टिकली. भुरी आधी गुलाबावर दिसते आणि माळी सावध होतो, असे अजूनही सांगितले जाते. गुलाबावरची भुरी आणि द्राक्षावरची भुरी या दोन वेगळ्या बुरशा आहेत. तरी गुलाब पाहायला माणूस ओळीच्या टोकापर्यंत रोज जातो, आणि जाताना त्याची नजर वेलींवरूनही फिरते, हा लाभ मला कमी वाटत नाही.

आता आपण कॅलिफोर्नियात जाऊ, कारण या कहाणीचे मुख्य वळण तिथल्या एका काटेरी झुडपात आहे. तिथे द्राक्ष आणले स्पॅनिश मिशनऱ्यांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस. विसाव्या शतकाच्या मध्यावर सान वाकीन आणि नापाच्या खोऱ्यांत मैलोन्‌मैल मळे पसरले होते, आणि त्यांना छळत होता द्राक्षावरचा तुडतुडा. तीन मिलिमीटरच्या आसपास लांबीचा, फिकट पिवळा, तांबूस रेघांचा हा किडा पानांतला रस शोषतो. पाने पांढरट ठिपक्यांनी भरतात आणि गळतात. मळ्यात काम करणाऱ्यांच्या नाकातोंडात हे तुडतुडे जात. ही कीड बाहेरून आलेली नाही. नदीकाठच्या रानद्राक्षावर ती पूर्वापार जगत आली होती. डीडीटीने ती सुरुवातीला झटक्यात संपवली आणि काही वर्षांतच डीडीटीला दाद देईनाशी झाली. पुढची औषधे आली, त्यांचीही तीच गत झाली. शिवाय फवारणीने शत्रुकीटकही मरत आणि लाल कोळीसारखी पूर्वी क्षुल्लक असलेली उपद्रवी जात डोके वर काढे. १९५९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघांनी एकात्मिक कीड नियंत्रणाची मांडणी केली. औषध शेवटचा उपाय, आधी निसर्गात चाललेले नियंत्रण समजून घ्या, असा तिचा रोख होता. कीटकनाशकांच्या धोक्यांवरचे रेचेल कार्सनचे गाजलेले पुस्तक त्यानंतर तीन वर्षांनी आले.

याच विद्यापीठात रिचर्ड डाउट आणि जॉन नाकाता तुडतुड्यांच्या मागे लागले होते. तुडतुड्याची मादी अंडे घालते ते पानाच्या वरच्या पातळ त्वचेखाली. भिंगातून पाहिले तर तिथे घेवड्याच्या दाण्यासारखा बारीक फुगवटा दिसतो. ॲनाग्रस नावाची गांधीलमाशी हा फुगवटा शोधते. गांधीलमाशी म्हणायचे ते नात्यापुरते. तिची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, केसांची झालर असलेल्या पंखांच्या दोन जोड्या. ती पानावर चालत फुगवट्यापाशी थांबते आणि त्यात आपले अंडे घालते. तुडतुड्याच्या अंड्यातून मग तुडतुडा निघत नाही. अंडे तांबूस होते आणि त्यातून दोन-तीन आठवड्यांत नवी ॲनाग्रस बाहेर पडते. तुडतुड्याच्या वर्षाला दोन-तीन पिढ्या होतात, तेवढ्यात हिच्या नऊ-दहा. इतका वेगवान शत्रू असताना काही मळ्यांत तुडतुडा नावाला दिसे आणि काही मळ्यांत तो थैमान घाली, हे कोडे होते.

उत्तर हिवाळ्यात दडलेले होते. द्राक्षावरचा तुडतुडा थंडीत पालापाचोळ्यात आणि गवतात प्रौढ रूपातच दिवस काढतो. त्या काळात त्याची अंडी कुठेच नसतात. ॲनाग्रसला तर हिवाळा काढायला अंडेच लागते, कारण ती दुसऱ्याच्या अंड्याच्या आतच थंडी घालवते. म्हणजे वेलीची पाने झडली की मळ्यात तिला घर उरत नाही. डाउट आणि नाकाता यांना तिचे हिवाळी घर सापडले ते नदी-ओढ्यांच्या काठी, झाडांच्या सावलीत माजलेल्या रानटी ब्लॅकबेरीच्या जाळ्यांत. त्या काटेरी झुडपाची पाने हिवाळ्यातही टिकतात आणि त्यावर दुसऱ्याच जातीचा तुडतुडा वर्षभर अंडी घालतो. या तुडतुड्याचे द्राक्षाशी काही देणेघेणे नाही, म्हणून तोवर कोणी त्याच्याकडे लक्ष दिले नव्हते. फेब्रुवारीत ब्लॅकबेरीला नवी पालवी फुटते, अंडी वाढतात, ॲनाग्रसची संख्या वाढते, आणि वेलींवर तुडतुड्याची पहिली अंडी पडू लागतात नेमके तेव्हाच ती वाऱ्याबरोबर मळ्यांकडे येते. नदीकाठापासून काही मैलांच्या आतले मळे वाचत होते ते या झुडपांमुळे. १९६५ मध्ये हा शोध छापून आला आणि १९७३ मध्ये त्याची सविस्तर मांडणी झाली. ज्या झुडपाला शेतकरी तण समजून जाळत होता, त्याच्यावर शेकडो एकरांचे पीक टेकलेले होते. या साऱ्या इतिहासातला हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. किडीच्या शत्रूचा पत्ता मळ्याबाहेरचा निघाला आणि त्या पत्त्यावर एक वनस्पती उभी होती.

साहजिकच मळ्यांच्या कडेला ब्लॅकबेरी लावण्याचे प्रयोग झाले. ते फसले. उघड्या उन्हात लावलेल्या झुडपांवर तो दुसरा तुडतुडा टिकेना. त्याला नदीकाठच्या वृक्षांची सावली हवी होती. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षशेतीला १८८० च्या दशकापासून एका रोगाची दहशत आहे. त्या काळी दक्षिणेतल्या ॲनाहाईम भागातले मळे त्याने पार उजाड केले आणि न्यूटन पियर्सने १८९२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून तो पियर्सचा रोग. तो जिवाणूमुळे होतो, हे १९७० च्या दशकात सिद्ध झाले. हा जिवाणू जिथे मुक्काम करतो त्या वनस्पतींत ब्लॅकबेरी आहे, आणि तो पसरवणारा निळा-हिरवा तुडतुडाही नदीकाठच्या त्याच झाडोऱ्यात राहतो. एका किडीचा शत्रू ज्या झुडपात, दुसऱ्या रोगाचे बीजही त्याच झुडपात. नुसती हिरवळ वाढवली की कीड हटते, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट वाचावे.

पुढचा टप्पा एका फळझाडाचा. फ्रेंच प्रून, म्हणजे वाळवून खायचा आलुबुखार. त्याच्यावरही एक तुडतुडा असतो आणि तो हिवाळा अंड्याच्या रूपातच काढतो. ॲनाग्रस त्या अंड्यांतही राहते, असे १९८४ मध्ये किडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. प्रूनची काळजी कशी घ्यायची हे शेतकऱ्याला ठाऊक होते, त्याला काटे नव्हते, पियर्सच्या रोगाची भीती नव्हती. मळ्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूला प्रूनच्या ओळी उभ्या राहू लागल्या. त्या खरोखर किती उपयोगी, हे कॉर्बेट आणि रोझेनहाईम यांनी १९९६ मध्ये मोठ्या युक्तीने तपासले. त्यांनी प्रूनच्या झाडांना रुबिडियम या मूलद्रव्याची खूण दिली. झाडातून ती तुडतुड्याच्या अंड्यात आणि अंड्यातून ॲनाग्रसमध्ये उतरली. मळ्यात पकडलेल्या गांधीलमाश्यांमध्ये ही खूण शोधली तेव्हा एका मळ्यात हंगामाच्या सुरुवातीच्या ॲनाग्रसपैकी ३४ टक्के प्रूनवरून आलेल्या निघाल्या, दुसऱ्यात जेमतेम १ टक्का. उरलेल्या दूरच्या नदीकाठांवरून आल्या होत्या. प्रूनच्या ओळीने आणखी एक काम केले होते. ती वाऱ्याला अडवत असल्याने दुरून वाहत आलेल्या माश्या तिच्या आडोशाला मळ्यात उतरत होत्या.

ज्या १९७३ मध्ये डाउट-नाकातांचा लेख आला, त्याच वर्षी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला कॉर्नेल विद्यापीठाच्या रिचर्ड रूटने कोबीच्या कुळातल्या कोलार्ड भाजीवरचे प्रयोग मांडले. सलग एकच पीक असले की त्यावर जगणाऱ्या किडीला अन्न शोधावेच लागत नाही, आणि मिश्र पिकात शत्रुकीटकांना आसरा मिळतो, ही दोन स्पष्टीकरणे त्याने शास्त्रापुढे ठेवली. ती हाती घेऊन कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत मूळचे चिलीचे मिगेल आल्तिएरी आणि कोलंबियाच्या क्लारा निकोल्स द्राक्षमळ्याकडे वळले. तोवर मेंडोसिनो परगण्यात सेंद्रिय मळे चांगले रुजले होते. तिथल्या हॉपलँडजवळ एका सेंद्रिय मळ्यातून ६०० मीटर लांबीची फुलझाडांची पट्टी नदीकाठच्या रानाला जोडलेली होती आणि तिच्यात ६५ जातींची झाडे होती. बडीशेप, यारो, बडलिया अशी. वसंतापासून शरदापर्यंत काही ना काही फुललेले राहावे, ही त्यामागची योजना. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत पट्टीलगतच्या वेलींवर परभक्षी कीटक जास्त आणि तुडतुडे-फुलकिडे कमी होते. मळ्याच्या मध्याकडे जावे तसा हा परिणाम विरळ होत गेला. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी ओळींमध्ये बकव्हीट, म्हणजे उपवासाला खातात तो कुट्टू, आणि सूर्यफूल पेरले. कापणी केल्यावर फुलांवरचे मित्रकीटक शेजारच्या वेलींवर चढत होते, म्हणजे कापणी केव्हा करायची हेही कीड नियंत्रणाचे साधन ठरले.

या निष्कर्षांना आव्हानही मिळाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेन आणि कॉस्टेलो यांनी आच्छादन पिकांच्या मळ्यांत तुडतुडे कमी का होतात याचा छडा लावला, तेव्हा परभक्षी कीटकांची संख्या फारशी वाढलेली नव्हती. आच्छादन पीक पाणी आणि नत्र ओढून घेत होते, वेलीची माजोरी वाढ आटोक्यात राहत होती, आणि अशा वेलीवर तुडतुडा कमी रमत होता. त्याच सुमारास गांधीलमाशीचीही फेरतपासणी झाली. इतकी वर्षे एकाच नावाने ओळखली जाणारी ॲनाग्रस म्हणजे दिसायला सारख्या अनेक जातींचा समूह निघाला. १९९८ मध्ये सर्गेई त्रियापित्सिन यांनी त्यांची फोड केली आणि एका जातीला डेन यांचेच नाव दिले. कोणती जात कोणत्या झाडावर हिवाळा काढते, हा हिशेब तेव्हापासून पुन्हा मांडावा लागला. न्यूझीलंडमध्ये २००५ च्या सुमारास वायपारा खोऱ्यात लिंकन विद्यापीठाच्या स्टीव्ह रॅटन यांच्या पुढाकाराने मळ्यांत स्थानिक झुडपे लावण्याचा उपक्रम सुरू झाला. तिथली कीड ऑस्ट्रेलियातून आलेली पाने गुंडाळणारी अळी. तिच्यावरच्या परोपजीवी गांधीलमाशीला कुट्टूचा आणि ॲलिसमचा मकरंद मिळाला तर ती जास्त जगते, हे त्यांच्या अभ्यासात दिसले.

आपल्या महाराष्ट्रात हा रस्ता वेगळ्या वळणाने आला. टेक्सासच्या टेकडीवरची ती रानवेल, डॉगरिज, नाशिक, सांगली आणि सोलापूरच्या बागांत खुंट म्हणून पसरली. कारण फायलोक्सेरा नव्हते. पाण्याचा ताण आणि क्षारपड जमिनी होत्या. म्हणजे निफाडच्या थॉमसन सीडलेसचे मूळ मन्सनच्या संग्रहाशी जोडलेले आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला, १९९७ मध्ये पुण्याजवळच्या मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आले, आणि निर्यात वाढत गेली. २०१० मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून आपली द्राक्षे अडवली, तेव्हा औषधाच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणे भाग पडले. सेंद्रिय द्राक्षाचा विचार त्यानंतर अधिक गांभीर्याने होऊ लागला.

पण कॅलिफोर्नियाचे उत्तर इथे उचलून आणता येत नाही. आपली वेल थंडीत झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांमुळे तिला वर्षातून दोनदा नवी फूट येते आणि ॲनाग्रसची ती हिवाळी पोकळी इथे नाहीच. आपल्या बागायतदाराला सतावतो तो पिठ्या ढेकूण. तो खोडाच्या आणि ओलांड्याच्या सुटलेल्या सालीखाली लपतो, तिथे फवारा पोचत नाही. त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याच्याभोवती राहतात आणि त्याचे शत्रू हुसकावतात. त्याला खाणारा क्रिप्टोलेमस भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि आजही प्रयोगशाळांत वाढवून बागांत सोडला जातो. बांधावर कोणते झाड लावायचे हा प्रश्न इथे अवघड होतो, कारण गुलाबी पिठ्या ढेकूण जास्वंदावर आणि भेंडीवर तितक्याच आनंदाने वाढतो. परसातली शोभेची जास्वंद बागेला खेटून लावली तर ब्लॅकबेरीचा तोच पेच इथे उभा राहील. ताग, मका, झेंडू, बडीशेप यांपैकी कोणते पीक कोणत्या छाटणीनंतर कोणत्या मित्रकीटकाला पोसते, आणि सालीखालच्या ढेकणापर्यंत कोण पोचते, याच्या नोंदी दिंडोरी-तासगावच्या बागांत आता एकेका ओळीतून जमवाव्या लागणार आहेत. डाउट आणि नाकाता हिवाळ्यात नदीकाठी जाऊन काटेरी पाने उलटून पाहत होते. आपल्याकडे ती पाने मे महिन्याच्या उन्हात, खरड छाटणीनंतर, बांधावर उलटून पाहायची आहेत.